निकाल उलटा करून बघा: जपानी क्रीडापटातला नायक कसा ठरतो

रात्रीची वेळ आहे. देवळाजवळच्या तळ्यात एक तरणाबांड मुलगा पाण्यात बुडालेल्या एका खुंटाला मिठी मारून थांबलाय. रस्त्यावर मारामारी करून आला म्हणून गुरूने त्याला खडसावलं: अंगात ताकद आहे, पण माणूस म्हणून कसं वागायचं ते तुला कळत नाही. तुमच्यासाठी जीवही देईन, असं म्हणून या पठ्ठ्याने तडक तळ्यात उडी टाकली. गुरू त्याला वर बोलवत नाही. रात्र सरते. पहाटे बाजूला एक कमळ उमलतं, मुलगा ते बघतो, बाहेर येतो आणि रडत रडत गुरूची माफी मागतो.

हा प्रसंग 1943 सालच्या 'सुगाता सान्शिरो' या ज्यूदोवरच्या चित्रपटातला आहे. आकिरा कुरोसावांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की तळ्याचा प्रसंग येतो तेव्हा सान्शिरोने एकही रीतसर लढत खेळलेली नसते. पुढे तो लढतो आणि जिंकतोही. पण प्रेक्षकाच्या मनात तो नायक झालेला असतो तो त्या तळ्यात, कुणालाही न हरवता.

जपानी क्रीडापट समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी. आपल्याला सवय असते ती शेवटच्या चेंडूची, शेवटच्या ठोशाची: फलकावर आकडा बदलला की नायक ठरला. चांगल्या जपानी क्रीडापटात नायक ठरतो तो क्षण फलकाच्या बराच आधी येऊन गेलेला असतो. आणि नायकपण तो स्वतःच्या हाताने घेत नाही. गुरू, जिवलग मित्र, गेलेला भाऊ, समोरचा खेळाडू, असं दुसरं कुणीतरी त्याला ते बहाल करतं.

हे पारखायला एक सोपी चाचणी आहे. चित्रपट संपला की मनातल्या मनात अंतिम सामन्याचा निकाल उलटा करून बघा. जिंकलेल्याला हरवा, हरलेल्याला जिंकवा. तरीही नायक तुम्हाला नायकच वाटला, तर लेखक-दिग्दर्शकाने काम चोख केलंय. सगळा डोलारा कोसळला, तर तुम्ही फक्त एक सामना पाहिला.

अठ्ठेचाळीस सामने, अठ्ठेचाळीस पराभव

ही चाचणी जपानी चित्रपटांनाच इतकी चपखल का बसते? त्याचं उत्तर शाळेच्या मैदानावर आहे.

जपानमध्ये शाळा सुटल्यावर मुलं ज्या क्लबात खेळतात त्याला 'बुकात्सु' म्हणतात. हायस्कूल तीन वर्षांचं आणि शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. बहुतेक खेळांत तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा हा मुलांचा शेवटचा हंगाम, कारण त्यानंतर प्रवेशपरीक्षांचा अभ्यास असतो. म्हणजे पहिल्या वर्षाच्या एप्रिलपासून तिसऱ्या वर्षाच्या ऑगस्टपर्यंत मोजलं तर हातात जेमतेम 28 महिने येतात. त्यातले सुरुवातीचे कित्येक महिने पारंपरिक क्लबांमध्ये चेंडू गोळा करण्यात, मैदान झाडण्यात आणि वरच्या वर्गातल्या मुलांना, म्हणजे 'सेम्पाईं'ना, ओरडून प्रोत्साहन देण्यात जायचे.

आता सगळ्यात प्रतिष्ठेची शालेय स्पर्धा घेऊ. उन्हाळी बेसबॉल स्पर्धा 1915 पासून चालू आहे आणि ह्योगो प्रांतातलं कोशिएन मैदान 1924 मध्ये बांधून झाल्यापासून ती तिथे होते. देशाचे 47 प्रांत. होक्काइदो आणि तोक्यो यांचे दोन-दोन संघ आणि बाकीच्यांचा एकेक, असे नेहमीच्या वर्षी 49 संघ येतात. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळे सामने होतात 48, आणि प्रत्येक सामना एका शाळेला घरी पाठवतो. हरलेल्या संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं शालेय बेसबॉल त्याच दुपारी संपतं. ती मुलं मैदानातली काळी माती पिशवीत भरून घरी नेतात. हे दृश्य दरवर्षी टीव्हीवर दिसतं आणि देशभर लोक ते मनापासून बघतात.

कोशिएनपर्यंत पोचणारे हे 49 संघ तर नशीबवानच. प्रांतांच्या फेऱ्यांत याआधीच हजारो शाळा गारद झालेल्या असतात. शिवाय मोठ्या शाळांच्या क्लबात शंभरेक मुलं असतात आणि सामन्याला बाकावर जागा मिळते 20 जणांना, 2023 च्या आधी तर फक्त 18. उरलेली मुलं तीन वर्षं घाम गाळून शेवटचा सामना प्रेक्षकांतून बघतात.

बुकात्सुत वाढलेल्या प्रेक्षकाला जिंकणारा तो नायक ही व्याख्या पटणंच अवघड. त्याच्या ओळखीत जवळपास प्रत्येकाचा खेळ पराभवाने संपलेला असतो. त्याला बघायचं असतं की हरणार हे जवळजवळ ठरलेलं असताना हा मुलगा 28 महिन्यांचं करतो काय. हरल्यावर आत जे सलतं त्या भावनेला जपानीत 'कुयाशी' असा शब्द आहे. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ जातं ते जिव्हारी लागणं. दुःख, स्वतःवरचा राग आणि पुन्हा एकदा खेळायची तळमळ, तिन्ही त्यात एकत्र आहेत. बहुतेक जपानी क्रीडापटांना पहिला खरा धक्का देतो तो हाच क्षण: आजवर थट्टेवारी नेणाऱ्या मुलाला अचानक हरणं जिव्हारी लागतं.

याचं सगळ्यात लोभस उदाहरण मासायुकी सुओ यांच्या 1992 च्या सुमोवरच्या विनोदी चित्रपटात आहे. कॉलेजातल्या शुहेईला पदवीसाठी गुण कमी पडतात. प्राध्यापक सौदा करतात: बंद पडायला आलेल्या सुमो क्लबात एका स्पर्धेपुरता उतर, गुण देतो. क्लबातला जुना खेळाडू आओकी खेळावर जीव टाकतो, पण लढतीच्या धास्तीने त्याचं पोट बिघडतं. पहिल्या स्पर्धेत संघाचा धुव्वा उडतो. नंतरच्या जेवणात माजी खेळाडू तोंडाला येईल ते बोलतात, आणि शुहेई, ज्याचं काम खरं तर संपलेलं असतं, भडकून उठतो: पुढच्या वेळी जिंकून दाखवतो!

जपानी शीर्षक आहे 'शिको फुंजात्ता'. शिको म्हणजे एक पाय बाजूने उंच उचलून जमिनीवर दणकन आपटायचा सुमोचा व्यायाम. त्या 'जात्ता'चं भाषांतर करताना इतर भाषांची दमछाक होते, मराठीत मात्र ते आयतंच आहे: 'शिको मारून बसलो'. ठरवलं नव्हतं, पण हातून घडलं आणि आता माघार नाही. चित्रपटाच्या शेवटी नोकरीची सोय झालेली असतानाही शुहेई क्लबात मागे राहतो आणि रिंगणात एकटाच शिको मारत असतो. त्याचं नायकपण या 'बसलो'मध्ये आहे. संघाचं पुढे भलं होतं, पण ते उलटं करून पाहिलं तरी शुहेई ढळत नाही.

जुना नायक आणि त्याचा काळोख

जपानी क्रीडाकथांबद्दल वाचायला घेतलं की 'कोंजो' हा शब्द लगेच भेटतो. कोंजो म्हणजे चिवटपणा, कळ सोसायची ताकद. 1964 च्या तोक्यो ऑलिंपिकने या शब्दाला झळाळी दिली. जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण मिळवलं, आणि त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांचा अतिशय कठोर सराव घराघरात चर्चेचा विषय झाला. चेंडूवर झेपावून, लोळण घेऊन त्याच झटक्यात उभं राहायचं तंत्र त्या मुलींनी याच सरावात घोटवलं होतं. पाठोपाठ 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रकथांची लाट आली, तिला 'स्पोकोन' म्हणतात: स्पोर्ट्स आणि कोंजो यांची जोड. एका गाजलेल्या बेसबॉल कथेत तर बाप लहान मुलाच्या अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवतो, साधी हालचालही कसरत व्हावी म्हणून.

या नायकाची मोजपट्टी सरळ होती: जो जास्त सोसेल तो मोठा. युद्धातून सावरणाऱ्या देशाला ती भावली, हे समजू शकतं. पण तिच्यात एक घातक फट होती. सोसणं हेच मोजमाप ठरलं की सोसायला लावणाराही थोर ठरतो. मारकुटा प्रशिक्षक म्हणजे कडक शिस्तीचा गुरू, असं समीकरण पडद्यावर आणि मैदानावर वर्षानुवर्षं खपलं. 2012 च्या डिसेंबरात ओसाकातल्या एका शाळेच्या बास्केटबॉल कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली आणि देश हादरला. 2013 मध्ये जपानच्या प्रमुख क्रीडासंस्थांनी मिळून खेळातली मारहाण संपवण्याचा जाहीरनामा काढला. त्यानंतरचा क्रीडापट बघताना प्रशिक्षकाकडे मुद्दाम लक्ष द्या. अलीकडच्या चांगल्या चित्रपटांत तो फारसा ओरडत नाही.

मात्र कोंजोच्या ऐन भरातही वेगळं बघणारे होते. त्याच 1964 च्या ऑलिंपिकवर कोन इचिकावांनी केलेला माहितीपट 1965 मध्ये आला. जपानच्या विजयाचा सोहळा बघायला मिळेल अशी सरकारची अपेक्षा होती. इचिकावांनी मात्र वेळ दिला तो चाड या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातून आलेल्या अहमद इसा या धावपटूला. तो पदकाच्या जवळपासही नसतो, आणि क्रीडाग्रामाच्या भोजनगृहात एकटा जेवतो. व्हॉलीबॉलचं सुवर्ण मिळतं तेव्हाही जल्लोषाच्या बाजूला एकटे पडलेले दाइमात्सु दिसतात. ऑलिंपिकची जबाबदारी असलेले मंत्री इचिरो कोनो यांनी चित्रपटावर जाहीर टीका केली. आज मात्र जगातल्या सर्वोत्तम क्रीडा-माहितीपटांत त्याचं नाव घेतलं जातं.

कुणीतरी हाक मारावी लागते

नायकपण दुसरं कुणीतरी बहाल करतं, हे सगळ्यात उघड दिसतं ते 'पिंग पाँग' या 2002 च्या चित्रपटात. दिग्दर्शक फुमिहिको सोरी, मूळ चित्रकथा ताइयो मात्सुमोतो यांची. पेको आणि स्माइल हे लहानपणापासूनचे मित्र. पेको बडबड्या, फुशारक्या मारणारा. स्माइल कधीच हसत नाही म्हणून त्याचं नाव स्माइल. खेळात स्माइल सरस आहे, पण समोरच्याला वाईट वाटेल म्हणून तो गुण सोडून देतो. लहान असताना मुलं त्याला छळायची तेव्हा पेकोने त्याला वाचवलेलं असतं. तेव्हापासून स्माइलच्या मनात एकच मंत्र आहे: अडचणीत सापडलास तर मनात तीनदा हाक मार, हिरो येईल.

पुढे हा हिरोच कोलमडतो. शांघायहून आलेला खेळाडू पेकोला एकही गुण घेऊ देत नाही, मग ज्याला तो कायम कमी लेखत आला त्या बालमित्राकडूनही तो हरतो. पेको खेळ सोडतो आणि नुसता खात, भटकत बसतो. स्माइल त्याला समजवायला जात नाही. तो खेळत राहतो आणि वाट बघतो. चित्रपटाचा कणा या वाट बघण्यात आहे. पेको परत उभा राहतो तो करंडकासाठी नव्हे; आपल्याला हिरो मानणारा एक माणूस टेबलाच्या पलीकडे थांबलाय, हे त्याला उमगतं म्हणून.

अंतिम सामना पेको विरुद्ध स्माइल. दोन तास आपण ज्याची वाट बघितली तो सामना दिग्दर्शक जवळजवळ दाखवतच नाही. दोघं टेबलाशी येतात, आणि कथा पुढच्या काळात उडी मारते. निकाल उलटा करून बघायची चाचणी इथे दिग्दर्शकाने स्वतःच करून दिली आहे.

'द फर्स्ट स्लॅम डंक' (2022) मध्ये ही हाक मेलेल्या माणसाची आहे. ताकेहिको इनोउए यांची मूळ बास्केटबॉल चित्रकथा 1990 ते 1996 अशी चालली आणि तिचा नायक होता लाल केसांचा धसमुसळा साकुरागी. चित्रपट इनोउएंनी स्वतः लिहिला आणि दिग्दर्शितही केला. सामना तोच ठेवला, शोहोकु विरुद्ध अजिंक्य मानला जाणारा सान्नो संघ, आणि नायक बदलला. मध्यभागी आणला मियागी ऱ्योताला, मैदानातल्या पाच जणांतला सगळ्यात बुटका, 168 सेंटिमीटर उंचीचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा खेळाडू.

लाखो वाचकांच्या लाडक्या नायकाला बाजूला सारणं हे धाडस होतं, आणि ते का जमलं ते तपशिलात बघण्यासारखं आहे. ऱ्योता ओकिनावाचा. तीन वर्षांनी मोठा भाऊ सोता हा त्याचा पहिला शिक्षक. सोताचं स्वप्न सान्नोला हरवायचं. एके दिवशी सोता मासे धरायला बोटीतून जातो आणि परत येत नाही. ऱ्योता भावाचा सात नंबर आणि भावाचा मनगटपट्टा घालून खेळतो, आणि घरात आई त्याच्याकडे धड बघूही शकत नाही. सोताने शिकवलेली एक गोष्ट त्याने घट्ट धरून ठेवलीय: छाती कितीही धडधडू दे, तोंडावर दिसू द्यायचं नाही.

उत्तरार्धात सान्नो पूर्ण मैदानभर दाब टाकतो. चेंडू आत आला रे आला की दोन उंच खेळाडू ऱ्योतावर झडप घालतात. पास द्यायला वाट नाही, वरून फेकायला उंची नाही. शोहोकु वीस गुणांहून जास्त मागे पडतं. या कोंडीतून निघायचा मार्ग एकच: चेंडू जमिनीलगत ठेवून त्या दोघांच्या मधल्या फटीतून घुसायचं. उंच माणसाला जे वाकून जमत नाही ते बुटक्याला आयतं जमतं. ऱ्योता ती फट फोडतो तेव्हा चेहरा शांत आहे, पण त्या शांतपणाखाली काय चाललंय ते आपल्याला माहीत असतं. सामना 79-78 असा शोहोकु जिंकतं. मूळ चित्रकथेत याच संघाने सगळी ताकद इथे ओतल्यामुळे पुढचा सामना सपशेल हरल्याचं एका ओळीत सांगून टाकलंय, आणि त्याने कुणाचंही नायकपण उणं झालेलं नाही.

समोरचा

नवख्या प्रेक्षकाला इथे सगळ्यात जास्त चकवा बसतो. प्रतिस्पर्धी दिसला की आपण खलनायक शोधायला लागतो. जपानी क्रीडापटात प्रतिस्पर्धी बहुतेकदा नायकाला बघणारा पहिला माणूस असतो.

'पिंग पाँग'मधला ड्रॅगन हा अव्वल खेळाडू प्रत्येक सामन्याआधी स्वच्छतागृहात स्वतःला कोंडून घेतो. जिंकणं हे त्याच्यासाठी ओझं झालंय. पेकोशी खेळताना, हरता हरता, त्याला पहिल्यांदा खेळाची मजा येते. सान्नोचा सावाकिता सामन्याआधी देवळात जाऊन प्रार्थना करतो की मला ज्या अनुभवाची गरज आहे तो दे. देव त्याला पराभव देतो. बोगद्यासारख्या मार्गिकेत तो ओक्साबोक्शी रडतो, आणि त्या घटकेला चित्रपट त्याचा असतो. 2024 मध्ये आलेल्या, 'हाइक्यू' या व्हॉलीबॉलवरच्या मालिकेच्या चित्रपटात तर शेवटची रॅली हरणाऱ्या संघाच्या केन्माच्या डोळ्यांतून दिसते. घामाने ओला झालेला चेंडू त्याच्या बोटांतून निसटतो आणि सामना संपतो. हरलेला केन्मा जमिनीवर पडून जे म्हणतो त्याचा अर्थ एवढाच की मजा आली. एरवी ज्याला साधं धावायचाही कंटाळा, त्याच्या तोंडून हे ऐकायला सबंध मालिका लागली.

'सुगाता सान्शिरो'मध्येही हेच बीज आहे. सान्शिरोला मुराई या प्रौढ जुजुत्सु गुरूशी लढायचं असतं. त्याआधी एक मुलगी देवळात मनोभावे प्रार्थना करताना त्याला दिसते, आणि मग कळतं की ती मुराईंची मुलगी, वडिलांच्या विजयासाठी प्रार्थना करतेय. हात गळून जावेत अशीच गोष्ट. लढतीत तो मुराईंना पुन्हा पुन्हा आपटतो, ते पुन्हा पुन्हा उठतात आणि शेवटी हार मानतात. नंतर मुराईंच्याच घरी त्याची ऊठबस सुरू होते. आपल्या तालमीत वाढलेल्या वाचकाला हे नवं वाटणार नाही. आखाड्यात लोळवल्यावर पाठीवरची माती झाडून देणारे पैलवान इथेही आहेत. पडद्याबाहेरचा एक दुवाही सांगायलाच हवा: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा त्यांना हरवून सुवर्ण नेणारा शोहाची इशी हा ज्यूदोतून कुस्तीकडे वळलेला जपानी मल्ल होता.

सगळ्यात धारदार रूप बघायचं असेल तर 'हयाकुएन नो कोई' (2014) बघा. बत्तीस वर्षांची इचिको शंभर येनच्या दुकानात कामाला आहे. आयुष्यात काहीच धड झालेलं नाही. बॉक्सिंगमध्ये तिला आवडते ती एकच गोष्ट: एकमेकांना बदडून झाल्यावर दोघं मिठी मारतात आणि खांद्यावर थोपटतात. ती व्यावसायिक चाचणी देते तेव्हा वयोमर्यादेच्या अगदी काठावर असते. साकुरा आंदो या अभिनेत्रीने या भूमिकेत केलेला शरीरातला बदल थक्क करतो: सुरुवातीला पाय फरफटत चालणारी सैल बाई, आणि नंतर दोरीवर टकटक उड्या मारणारी, खांदे आत घेतलेली बॉक्सर. सामना ती हरते, आणि वाईट पद्धतीने हरते. पण मार खाऊन सुजलेल्या डोळ्यांनी ती समोरच्या मुलीला शोधत जाते, कारण तिला ती मिठी हवी असते.

कुठे फसतं

सरावाची दृश्यं हा पहिला सापळा. संगीत लावून दोन मिनिटांत धावणं, उठाबशा, सूर्यास्त दाखवला की प्रेक्षकाला वेळ गेल्याचं कळतं, पण खेळाडूत काय बदललं ते कळत नाही. चांगल्या चित्रपटात एकच हालचाल तीनदा येते: आधी चुकलेली, मग अर्धवट जमलेली, मग नकळत झालेली. सुओंच्या चित्रपटातला शिको असाच आहे. सुरुवातीला पोरांचा पाय गुडघ्याच्या वर जात नाही, तोल जातो. शेवटी पाय हवेत क्षणभर थांबतो आणि मग खाली येतो. त्या थांबण्यात सगळा सराव दिसतो.

दुसरा सापळा भूतकाळाचा. ऐन मोक्याच्या क्षणी चेंडू हवेत असताना बालपणीची आठवण सुरू होते. 'द फर्स्ट स्लॅम डंक'मध्येही आठवणी भरपूर आहेत, मग त्या का खपतात? कारण प्रत्येक आठवण पुढच्या खेळीचं कारण म्हणून येते आणि शेवटच्या काही सेकंदांत इनोउए त्या पूर्ण थांबवतात. संगीत जातं, आवाज जातो, उरतो फक्त खेळ. आठवण जर प्रेक्षकाला आता रडा असं सांगायला आणली असेल, तर सामन्याचा ताण तिथेच फुटतो.

रक्ताचा वारसा हा तिसरा. नायक मूळचाच महान खेळाडूचा मुलगा निघाला की आधीच्या सगळ्या घामावर पाणी पडतं. आणि संघाच्या खेळात एकालाच चेंडू देत राहणं ही तर उघड चूक. पाच जणांचा खेळ असेल तर उरलेल्या चौघांनाही एकेक कारण हवं, भले ते दहा सेकंदांत सांगितलं तरी चालेल.

बघायचे कसे

सुरुवात सुओंच्या सुमोपासून करावी. हसता हसता बुकात्सुचं सगळं जग कळतं. मग 'पिंग पाँग' (114 मिनिटं) आणि 'द फर्स्ट स्लॅम डंक' (124 मिनिटं). मूळ चित्रकथा वाचलेली नसली तरी काही अडत नाही. 'सुगाता सान्शिरो' युद्धकाळात कापला गेला, त्यामुळे आज 79 मिनिटांचाच बघायला मिळतो आणि मधे लिखित पाट्या येतात. तो तिसरा-चौथा बघितला तर बाकीच्यांची मुळं ओळखू येतात.

'केइको, मे ओ सुमासेते' (2022) मात्र शेवटी ठेवा. शो मियाके यांचा हा 99 मिनिटांचा चित्रपट 16 मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलाय. युकिनो किशिईने साकारलेली केइको ही बहिरी व्यावसायिक बॉक्सर. तिला घंटा ऐकू येत नाही, कोपऱ्यातून ओरडलेली सूचना ऐकू येत नाही. आपल्याला मात्र सगळं ऐकू येतं: दोरीचा सपकारा, पॅडवर बसणारे ठोसे, वहीवर घासणारं पेन. संगीताने कुठे भावना चढवलेली नाही. जुनी व्यायामशाळा बंद व्हायला आलीय, तिच्या मालकाची नजर अधू होत चाललीय, आणि केइकोला काही काळ थांबायचंय. तसं पत्र लिहून झालंय, पण देणं होत नाही.

शेवटचा सामना ती हरते. त्यानंतर नदीकाठी बसलेली असताना कामावरच्या कपड्यांतली एक मुलगी तिच्यासमोर येते. तिच्या चेहऱ्यावर मारामारीच्या खुणा आहेत. क्षणभराने लक्षात येतं की हीच ती, रिंगणात समोर होती ती. ती केइकोला वाकून नमस्कार करते, त्या सामन्याबद्दल आभार मानते आणि परत कामावर जाते. त्या वेळी केइकोच्या चेहऱ्यावर जे हलतं ते बघा, आणि मग निकाल उलटा करून बघा.